नवी एसएसडी टाकली, अपग्रेडचं विंडोज गेलं, आणि दर सहा महिन्यांनी 'ॲक्टिव्हेट करा' येतंय? आधी हे तपासा

"भाऊ, हाऊ लॅपटॉप परत तेच सांगी राहिना."

पारोळ्याकडच्या एका जिल्हा परिषद शाळेतले गुरुजी मंगळवारी दुकानात आले. मंगळवारी मंगळग्रह मंदिरामुळे अमळनेरात बाहेरगावची गर्दी असते, त्यांना पायरीवरच थोडा वेळ थांबावं लागलं. लॅपटॉप उघडला तर स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात खाली 'ॲक्टिव्हेट विंडोज'ची फिकट अक्षरं, आणि वॉलपेपर जाऊन सगळं काळं. दीड वर्षात हे तिसऱ्यांदा होत होतं. आधीच्या दोन्ही वेळा दुसरीकडे दुरुस्त करून आणलेलं.

हा प्रकार माझ्याकडे महिन्यातून दोन-तीनदा येतो. माणसं वेगळी असतात, गोष्ट मात्र तीच असते. लॅपटॉपसोबत साधं विंडोज आलेलं, मालकाने नंतर पैसे भरून अपग्रेड घेतलेलं, मग हार्ड डिस्क गेली, तिच्या जागी नवी एसएसडी (जास्त वेगाची डिस्क) टाकली, आणि पैसे भरलेलं विंडोज काही परत आलं नाही. ते गेलेलं नसतं, ते सापडत नसतं. म्हणून हे नीट लिहून ठेवतो आहे.

गुरुजींचा लॅपटॉप घेतला तेव्हा त्यात 'होम सिंगल लँग्वेज' होतं. भारतात विकल्या जाणाऱ्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये हीच आवृत्ती येते. नंतर त्यांनी मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमधून 'प्रो' विकत घेतलं, कारण शाळेचे निकाल आणि मुलांची माहिती असलेली डिस्क त्यांना बिटलॉकरने कुलूपबंद ठेवायची होती. पुढे वैशाखात, सखाराम महाराजांच्या यात्रेच्या दिवसांत, हार्ड डिस्क टकटक वाजायला लागली. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, आणि लॅपटॉपच्या बहुतेक हार्ड डिस्कची चालण्याची कमाल मर्यादा ६० अंश असते. पत्र्याच्या खोलीत, पंखा कचऱ्याने तुंबलेला, गादीवर ठेवून चालवलेला लॅपटॉप त्या मर्यादेच्या फार लांब नसतो. डिस्क गेली. दुसऱ्याने ५१२ जीबीची एसएसडी टाकली, विंडोज नव्याने भरलं, आणि ते आलं होम सिंगल लँग्वेज. गुरुजी म्हणाले, माझं प्रो होतं. त्याने 'करून देतो' म्हणत अर्ध्या तासात प्रो करून दिलं. सहा महिन्यांनी कोपऱ्यात अक्षरं उगवली. पुन्हा अर्धा तास, पुन्हा सहा महिने.

सहा महिने हा आकडा ऐकला की मी लॅपटॉप उघडायच्या आधीच एक गोष्ट तपासतो. तुम्हीही घरी तपासू शकता. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, रनची छोटी खिडकी येते. त्यात एस-एल-एम-जी-आर अशी पाच अक्षरं रोमनमध्ये, मग एक जागा सोडून तिरकी रेघ, आणि तिला चिकटून एक्स-पी-आर. एंटर मारा. दोन-चार सेकंदांनी एक चौकट येते. 'कायमचं ॲक्टिव्हेट आहे' असं असेल तर उत्तम. त्याऐवजी 'व्हॉल्यूम ॲक्टिव्हेशन अमुक तारखेला संपेल' असं असेल, तर तुमच्या वैयक्तिक लॅपटॉपवर कंपन्यांसाठीचं लायसन्स चढवलेलं आहे. त्याच रीतीने एक्स-पी-आरच्या जागी डी-एल-आय टाकलं की लायसन्सचा प्रकार दिसतो: रिटेल (वेगळं विकत घेतलेलं), ओईएम (मशीनसोबत आलेलं), की व्हॉल्यूम (कंपन्यांसाठीचं). गुरुजींच्या चौकटीत लिहिलं होतं 'व्हॉल्यूम केएमएस क्लायंट'.

केएमएस ही मोठ्या कंपन्यांची सोय आहे. त्यांच्या आवारात एक सर्व्हर असतो, तिथले सगळे संगणक त्याच्याकडून ॲक्टिव्हेट होतात. हे ॲक्टिव्हेशन १८० दिवसांचं असतं. संगणक अधूनमधून त्या सर्व्हरला हजेरी देतो आणि मुदत पुन्हा १८० दिवस होते. हजेरी चुकत गेली की १८० दिवसांनी ॲक्टिव्हेशन उतरतं. जी माणसं जुगाडू प्रोग्रॅम चालवून 'प्रो करून देतात' ती बहुतेक याच सर्व्हरचं सोंग लॅपटॉपच्या आत उभं करतात. विंडोजचा अँटिव्हायरस ते सोंग ओळखून कधीतरी उचलून फेकतो, हजेरी बंद पडते, आणि सहा महिन्यांनी गिऱ्हाईक पुन्हा दुकानात. गुरुजींच्या हातात प्रोचं पैसे भरलेलं लायसन्स असताना त्यांच्या मशीनवर हे चालवलं गेलं, याचं मला खरंच वाईट वाटलं. त्या प्रोग्रॅमला आत शिरताना संपूर्ण मशीनचे अधिकार द्यावे लागतात. ज्या डिस्कवर मुलांची माहिती आहे तिथे हे नको.

आता मूळ मुद्दा: अपग्रेडचं लायसन्स नव्या डिस्कवर का अडतं.

गुरुजींना मी सातबाऱ्यावरून सांगितलं, ते त्यांना लगेच पटलं. अपग्रेड लायसन्स म्हणजे फेरफार. फेरफाराची नोंद कोणत्यातरी मूळ उताऱ्यावर चढते, हवेत चढत नाही. तुमच्याकडे मूळ विंडोज आहे, त्यावर अपग्रेडचा हक्क चढवलेला आहे. नवी एसएसडी कोरी असते. तिच्यावर आधीचं काहीच नाही, त्यामुळे इन्स्टॉल करणाऱ्याला मूळ उतारा दिसत नाही, मग फेरफार कशावर चढवायचा?

पण मूळ उतारा डिस्कवर नसतोच. विंडोज ८ पासून कंपन्या मूळ किल्ली, म्हणजे प्रॉडक्ट की, मदरबोर्डवरच्या (आतल्या मुख्य सर्किटच्या पाटीवरच्या) चिपमध्ये, बायोस म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमच्या आत लिहून देतात. त्याआधी लॅपटॉपच्या पोटावर स्टिकर असायचा, आणि आपल्याकडच्या घामाने व धुळीने त्यावरचे आकडे पुसले जायचे. आता पुसण्यासारखं काही नाही. विंडोज १० पासून तर त्याच्या वर डिजिटल लायसन्स आलं: ॲक्टिव्हेशन एकदा झालं की तुमच्या हार्डवेअरची, मुख्यतः मदरबोर्डची, ओळख मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर नोंदली जाते. डिस्क बदलल्याने ती ओळख बदलत नाही. धान्याची कोठी बदलली म्हणून शेताचा गट नंबर बदलत नाही, तसं. मदरबोर्ड बदलला तर मात्र बदलतो.

म्हणजे गुरुजींकडे दोन गोष्टी होत्या. बायोसमध्ये होम सिंगल लँग्वेजची किल्ली, आणि मायक्रोसॉफ्टच्या नोंदीत याच मशीनवर प्रोचं डिजिटल लायसन्स. विंडोज नव्याने भरताना इन्स्टॉलर पहिल्यांदा बायोसमध्ये डोकावतो, तिथली किल्ली वाचतो आणि कोणती आवृत्ती हवी हे न विचारताच होम सिंगल लँग्वेज भरून मोकळा होतो. इथेच बहुतेकांची फसगत होते. 'प्रो गेलं' असं वाटतं, आणि मग जुगाडाची वाट धरली जाते.

उपाय सांगण्याआधी एक अट. जुनी डिस्क अजून थोडीफार वाचता येत असेल तर तिच्याकडून आधी काय काय घ्यायचं ते घ्या. फोटो-कागदपत्रं सगळेच घेतात, राहून जातात त्या वेगळ्या गोष्टी. शिक्षक आणि डीटीपीवाल्यांच्या बाबतीत श्रीलिपी, कृतीदेव असले जुने फॉन्ट. विंडोजच्या फोल्डरमधल्या 'फॉन्ट्स'मधून ते उचलून पेनड्राइव्हवर ठेवा, नाहीतर दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका उघडतील आणि त्यात इंग्रजी अक्षरांचा चिखल दिसेल. जिनिंगवाले, आडतवाले, सराफ यांच्याकडे हिशेबाचं टॅली असतं. मशीन चालू असेल तर त्याचं लायसन्स आधी सरेंडर करा, म्हणजे त्या मशीनवरून सोडवून घ्या, मग नव्या डिस्कवर पुन्हा घ्या. आणि डिस्कवर बिटलॉकर असेल तर ४८ आकडी रिकव्हरी किल्ली हाताशी असल्याशिवाय स्क्रू खोलू नका. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात डिव्हाइसच्या यादीत सापडते. वाजणारी डिस्क कॉपी करायची तर सकाळी लवकर करा, पंख्याखाली, आणि इन्व्हर्टरवर. भर दुपारी लाइट गेल्यावर अर्धवट राहिलेली कॉपी मी एकदा भोगली आहे, त्या गिऱ्हाइकाच्या लग्नाच्या फोटोंचे दोन फोल्डर परत मिळाले नाहीत.

डिस्क धडधाकट असेल आणि फक्त वेग हवा म्हणून एसएसडी टाकत असाल, तर नव्याने काही भरूच नका, क्लोन करा. यूएसबीच्या डबीत एसएसडी घालायची, जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल करायची, आणि आतल्या आत अदलाबदल. मदरबोर्ड तोच, विंडोज तेच, त्यामुळे प्रो जसंच्या तसं राहतं. एकच कटकट होते: सी ड्राइव्हच्या मागे रिकव्हरीचं छोटं पार्टिशन (डिस्कचा वेगळा भाग) येऊन बसतं, आणि मोठ्या एसएसडीवरची उरलेली जागा सी ला जोडता येत नाही. पार्टिशन हलवणाऱ्या एखाद्या प्रोग्रॅमने ते शेवटी सरकवलं की काम होतं.

गुरुजींच्या बाबतीत क्लोनचा प्रश्नच नव्हता. एसएसडीवर जे होतं ते जुगाडाने लडबडलेलं. केएमएसच्या नोंदी पुसता येतात, पण त्या प्रोग्रॅमने आत आणखी काय सोडलं आहे ते कोण सांगणार? म्हणून त्यांची कागदपत्रं बाहेर काढली आणि कोरं करून पुन्हा भरायचं ठरवलं. मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून मीडिया क्रिएशन टूल उतरवलं, ८ जीबीचा पेनड्राइव्ह तयार केला. बाजारात मिळणारी 'सगळ्या विंडोजची' डीव्हीडी किंवा कोणाकडून आलेली फाइल वापरू नका, जुगाड बहुतेकदा त्यातच भरलेला असतो.

भरताना दोन ठिकाणी अडायला होतं, ती सांगून ठेवतो. पहिलं, 'विंडोज कुठे टाकायचं' या पडद्यावर यादी रिकामी येते. एसएसडी खराब नसते. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपवर एसएसडी हाताळणारी व्हीएमडी नावाची सोय चालू असते, आणि तिचा ड्रायव्हर इन्स्टॉलरजवळ नसतो. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर घेऊन पेनड्राइव्हवर सुटा करून ठेवा, 'लोड ड्रायव्हर' दाबून तो दाखवा, एसएसडी दिसायला लागते. काही बायोसमध्ये व्हीएमडी बंदही करता येतं, पण चालू असलेल्या विंडोजवर ते बंद केलं तर विंडोज उठत नाही, म्हणून हा बदल फक्त कोऱ्या डिस्कवर.

दुसरं, 'या डिस्कवर एमबीआर पार्टिशन टेबल आहे, इथे विंडोज टाकता येणार नाही'. आधी कुठे वापरलेली एसएसडी असली की हे येतं. एमबीआर ही डिस्कचे भाग मांडायची जुनी पद्धत, जीपीटी ही नवी. शिफ्ट आणि एफ१० दाबा, काळी खिडकी येते. डिस्कपार्ट (डिस्कचे भाग पाडणारा विंडोजचाच प्रोग्रॅम) सुरू करा, डिस्कची यादी काढा, आकार बघून तुमचीच डिस्क निवडा, 'क्लीन', मग 'कन्व्हर्ट जीपीटी'. क्लीन म्हणजे त्या डिस्कवरचं सगळं जातं, म्हणून बाकीच्या डिस्क आणि बाकीचे पेनड्राइव्ह त्या वेळी काढून ठेवलेले बरे. आकाराचा आकडा दोनदा वाचा.

आता भरलं. अपेक्षेप्रमाणे होम सिंगल लँग्वेज आलं, आणि नेट जोडल्याबरोबर बायोसच्या किल्लीवर आपोआप ॲक्टिव्हेट झालं. इथे काही जण सेटिंग्जमध्ये 'ट्रबलशूट'चं बटण शोधत बसतात. ते बटण विंडोज ॲक्टिव्हेट नसेल तरच दिसतं. गुरुजींचं होम ॲक्टिव्हेट होतं, म्हणून ते दिसणारच नव्हतं. त्याऐवजी ॲक्टिव्हेशनच्याच पानावर 'विंडोजची आवृत्ती अपग्रेड करा' असं असतं, तिथून स्टोअर उघडायचं.

स्टोअर उघडलं, आणि प्रोची किंमत दिसली. गुरुजींचा चेहरा उतरला. "म्हणजे परत पैसे?"

परत पैसे नव्हते, खातं चुकीचं होतं. त्यांची तीन खाती निघाली: एक शाळेच्या ईमेलचं, एक मुलाने फोनवर उघडून दिलेलं, आणि एक जुनं ज्याचा पासवर्ड कुणालाच आठवत नव्हता. लॅपटॉपवर मुलाने उघडलेलं खातं होतं. मी त्यांना म्हटलं, प्रो घेतलं तेव्हा पावतीचा मेल कुठे आला होता ते आठवा. ते बराच वेळ मोबाइल खाली-वर करत बसले. मग बँकेच्या जुन्या मेसेजमध्ये पैसे कापल्याची तारीख सापडली, तारखेवरून मेल सापडला, आणि मेलवरून खातं. तेच तिसरं, विसरलेलं. पासवर्ड बदलायला त्याला जोडलेला मोबाइल नंबर अजून चालू होता, हे नशीब. त्या खात्याने स्टोअरमध्ये साइन इन केलं, आणि किमतीच्या जागी 'इन्स्टॉल'चं बटण आलं. दाबलं, मशीन एकदा बंद-चालू झालं. सेटिंग्जमध्ये 'विंडोज प्रो', खाली 'डिजिटल लायसन्सने ॲक्टिव्हेट'. एक्स-पी-आर चालवून दाखवलं: कायमचं.

म्हणून अपग्रेड विकत घेतलेल्यांनी सगळ्यात आधी हे एकच काम करावं: कोणत्या खात्यावर घेतलं ते वहीत लिहा, आणि त्याच खात्याने लॅपटॉपवर साइन इन करून ठेवा. तसं केलं की सेटिंग्जमध्ये 'तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडलेल्या डिजिटल लायसन्सने ॲक्टिव्हेट' असं येतं. हे शब्द पुढे मदरबोर्ड बदलावा लागला तर उपयोगी पडतात. त्या वेळी विंडोज ॲक्टिव्हेट नसतं, 'ट्रबलशूट' दिसतं, आणि त्यात 'मी नुकतंच हार्डवेअर बदललं' हा पर्याय निवडून जुनं मशीन दाखवता येतं. ०एक्ससी००४एफ२११ हा एररचा आकडा याच प्रसंगी येतो. ०एक्ससी००४सी००८ आला तर तीच किल्ली दुसऱ्या मशीनवर वापरात आहे असं समजा. किल्ली तुमची असेल आणि जुनं मशीन भंगारात गेलं असेल, तर मायक्रोसॉफ्टच्या ॲक्टिव्हेशन सपोर्टकडून मार्ग निघू शकतो. लॅपटॉपसोबत आलेली ओईएम किल्ली मात्र त्या मशीनशीच बांधलेली असते, दुसऱ्या लॅपटॉपवर ती नेता येत नाही.

अजून एक वर्ग आहे, तो आता कमी होत चालला आहे पण संपलेला नाही: विंडोज ७ आणि ८ च्या अपग्रेड डिस्कवाले. एखाद्या ग्रामपंचायतीत, जिनिंगच्या काट्यावर, जुन्या दवाखान्यात हे मशीन अजून चालू असतं, कारण वजनकाट्याचं किंवा तपासणीचं सॉफ्टवेअर त्याच्यावरच चालतं. तिथे डिस्क बदलली, अपग्रेडची डीव्हीडी लावली, २५ अक्षरांची किल्ली टाकली की उत्तर येतं ०एक्ससी००४एफ०६१: ही किल्ली फक्त अपग्रेडसाठी आहे, नव्याने भरण्यासाठी नाही. किल्ली खोटी नसते, डिस्क कोरी असते एवढंच.

सरळ मार्ग म्हणजे आधी मूळ विंडोज भरायचं आणि त्याच्या आतून अपग्रेडची डीव्हीडी चालवायची. मूळ डीव्हीडी राहिली नसेल तर माहितगारांचा एक मार्ग आहे. अपग्रेडच्या डीव्हीडीने विंडोज भरून घ्या, विंडोज ७ असेल तर किल्ली न टाकता. मग रजिस्ट्री (विंडोजच्या आतल्या नोंदींची वही) उघडा, लोकल मशीनच्या शाखेत सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंटव्हर्जन, सेटअप, ओओबीई असं आत उतरा. तिथे 'मीडियाबूटइन्स्टॉल' नावाची नोंद असते, तिची किंमत १ असते. डीव्हीडीवरून मशीन उठवून भरलं तर ती १ होते, आणि तिच्यामुळेच किल्ली नाकारली जाते. ती ० करा. नंतर प्रशासकाच्या अधिकाराने काळी खिडकी उघडून एस-एल-एम-जी-आर आणि तिरकी रेघ 'रीआर्म', मशीन बंद-चालू, आणि आता किल्ली टाका. हे मी फक्त तिथेच करतो जिथे मूळ लायसन्सचा स्टिकर समोर दिसतो. फेरफाराला मूळ उतारा असलाच पाहिजे, रजिस्ट्रीतल्या एका आकड्याने मालकी मिळत नाही. शिवाय विंडोज ७ चे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० ला आणि ८.१ चे १० जानेवारी २०२३ ला थांबले, त्यामुळे असं मशीन नेटला न जोडता वापरावं.

पूर्वी ७ किंवा ८ ची किल्ली टाकून विंडोज १० मोफत ॲक्टिव्हेट व्हायचं, त्यावर अजून बरेच जण विसंबून असतात. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टने ती वाट बंद केल्याचं जाहीर केलं. ज्या मशीनवर ते आधीच झालं आहे त्याचं डिजिटल लायसन्स चालू राहतं, म्हणजे डिस्क बदलून विंडोज १० भरलं तर किल्ली विचारली की 'माझ्याकडे किल्ली नाही' निवडायचं, पूर्वी होती तीच आवृत्ती निवडायची, नेटवर गेल्यावर ते आपलं आपण ॲक्टिव्हेट होतं. आवृत्ती चुकली, होमच्या जागी प्रो निवडलं, तर ०एक्स८०३एफ७००१ येतो आणि लायसन्स सापडत नाही म्हणतो. योग्य आवृत्ती भरली की तो जातो. आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, तेव्हा मशीनमध्ये टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) असेल आणि प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीत बसत असेल, तर नव्या एसएसडीवर थेट विंडोज ११ भरा. १० चं डिजिटल लायसन्स ११ ला चालतं.

गुरुजींचं बिटलॉकर शेवटी चालू केलं. नव्या डिस्कची ४८ आकडी किल्ली छापून त्यांच्या हातात दिली, आणि खात्याचा ईमेल कागदाच्या मागे त्यांच्याच अक्षरात लिहून घेतला. त्यांनी कागद दोनदा वाचला, घडी घातली आणि पिशवीतल्या सातबाऱ्याच्या फाइलमध्ये ठेवला.